कागदावर मेलेले घोडे

अमेरिकी मोटारींच्या शौकिनांना एक इतिहास तोंडपाठ असतो. १९६४ साली पॉन्टियॅकने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीसाठी बनवलेले ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले. 'जीटीओ' नावाने ती विकली गेली आणि मसल कार हा प्रकार रूढ झाला: अंग मध्यम, इंजिन दांडगे, किंमत नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला झेपेल अशी. १९७० साली हा प्रकार कळसाला पोहोचला. त्या वर्षीच्या शेव्हेलमधले सर्वांत तगडे ४५४ घनइंची इंजिन कागदोपत्री ४५० अश्वशक्तीचे होते. पुढे सरकारी नियम, विमा कंपन्या आणि अरब देशांची तेलबंदी या तिघांनी मिळून या गाड्यांचा गळा घोटला. १९७१ ते १९७४ मधल्या गाड्या म्हणजे या कथेचे शेपूट: वजनाने जड, ताकदीने रोड, दिसायला बेढब.

अलीकडे या शेपटालाही चाहते मिळू लागले आहेत. १९७० च्या नामांकित गाड्या आवाक्याबाहेर गेल्या, तसे लोक एएमसीची जॅव्हलिन, प्लिमथची डस्टर, फोर्डची ग्रॅन टोरिनो, ब्यूइकची जीएस अशा बाजूला पडलेल्या नावांकडे वळले. 'याही काही कमी पळत नव्हत्या, यांच्यावर अन्याय झाला,' असा त्यांचा युक्तिवाद असतो. मला नाके मुरडणारे आणि कैवार घेणारे दोघेही सारखेच उथळ वाटतात. दोघांच्या हातातला गज एकच आहे, अश्वशक्तीचा.

माझे म्हणणे वेगळे आहे. या गाड्यांचे मोल त्यांच्या वेगात शोधू नये. वेगाची किंमत नेमकी कोण मोजते, हा प्रश्न अमेरिकेला त्या चार वर्षांत टाळता येईना, आणि त्याचे वळ या गाड्यांच्या अंगावर उठले. १९७० च्या गाडीची ओढ पुष्कळ अंशी बेहिशेबीपणाची ओढ आहे. नंतरच्या गाडीत हिशेब आला, म्हणून ती नावडती झाली. हे टप्प्याटप्प्याने पाहू.

१. ताकद किती घटली, माप किती बदलले

१९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या जाहिरातीत 'ग्रॉस' अश्वशक्ती छापत. इंजिन गाडीत न बसवता डायनॅमोमीटरवर चढवायचे. एअर फिल्टर नाही, गाडीचा खरा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. मग जो आकडा निघेल तो छापायचा. पैलवानाला पाण्यात उभे करून त्याने उचललेले वजन मोजावे, तसा हा प्रकार. १९७२ च्या गाड्यांपासून 'नेट' आकडे आले. इंजिन गाडीत जसे चालते तसे, सगळी जोडसामग्री लावून मोजलेले.

१९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे तुलना करता येते. शेव्हरलेचे एलएस-५ हे ४५४ घनइंची इंजिन घ्या. १९७१ मध्ये ग्रॉस ३६५, नेट २८५. १९७२ मध्ये त्याच इंजिनापुढे एकच आकडा उरला: २७०. शोरूममध्ये उभ्या गिऱ्हाइकाला दिसले ते ३६५ चे २७० झालेले, म्हणजे ९५ घोडे गेलेले. त्यांतले ८० घोडे रस्त्यावर कधी धावलेच नव्हते. ते जन्मले कागदावर आणि मेलेही कागदावर. खरी घट १५ ची.

घट मुळीच झाली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७१ साठी जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबण्याचे प्रमाण, उतरवले. १९७० च्या त्या ४५० अश्वशक्तीच्या इंजिनाचे प्रमाण ११.२५ ला १ होते. १९७१ चे एलएस-५ साडेआठाला १ वर आले. कमी शिशाच्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिने चालावीत म्हणून हे केले गेले आणि त्यात दम गेला. तरीही ज्या एका पायरीला लोक कडेलोट समजतात ती मुख्यतः मापाची होती. एका पिढीची गतकातरता चुकीच्या तराजूवर उभी आहे.

२. खून म्हणावा, तर वेळापत्रक जुळत नाही

आरोप खुनाचा असेल तर आरोपी त्या वेळी जागेवर हवा. जीटीओच्या विक्रीचे आकडे बघा. १९६६ मध्ये ९६,९४६. १९६९ मध्ये ७२,२८७. १९७० मध्ये ४०,१४९. १९७१ मध्ये १०,५३२. १९७२ मध्ये ५,८०७. तेलबंदी आली ऑक्टोबर १९७३ मध्ये. तेव्हा तिला मारायला फारसे काही शिल्लकच नव्हते. स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही झाली ३१ डिसेंबर १९७० ला, आणि त्यातली प्रदूषण नव्वद टक्क्यांनी घटवण्याची अट १९७५ च्या गाड्यांसाठी होती. १९७० मध्ये, म्हणजे इंजिने सर्वांत दांडगी आणि पेट्रोल स्वस्त असताना, विक्री एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आली. हे खापर सरकारवर कसे फोडणार?

गिऱ्हाईक आधीच निघून चालले होते. विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याला जाऊन भिडत होता. युद्धोत्तर पिढीतली मोठी मुले संसाराला लागली होती, धाकटी व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीच्या धास्तीत होती. १९७० मध्ये आलेल्या शेव्हरले माँटे कार्लोसारख्या गाड्यांनी दाखवून दिले की त्याच पैशात लोकांना मऊ बैठक आणि लांब बॉनेट हवे आहे.

याचा पुरावा लिलावातच सापडतो. १९७१ च्या, 'हेमी' या दांडग्या इंजिनाच्या, उघड्या टपाच्या प्लिमथ 'कुडा' अवघ्या ११ बनल्या. त्यांतली एक २०१४ साली ३५ लाख डॉलरना गेली. या गाड्या इतक्या थोड्या का? कंपनीने जपून काढल्या म्हणून नव्हेत. घ्यायला कोणी आले नाही म्हणून. आज ज्या दुर्मिळतेला लोक हात जोडतात ती काल गिऱ्हाइकांनीच दिलेल्या नकाराची बेरीज आहे.

३. विम्याच्या धाकातून आलेले शहाणपण

विमा कंपनीला खलनायक ठरवणे सोयीचे असते. पण तिने केले काय? वजनाच्या मानाने ताकद जास्त असलेली गाडी आणि पंचविशीच्या आतला चालक असे जोडीने समोर आले की हप्ता चढवला. १९७२ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर ५४,५८९ माणसे मेली. हा त्या देशाचा आजवरचा उच्चांक आहे. तोवर वेगाची किंमत इस्पितळात आणि स्मशानात मोजली जात होती. विम्याने ती खरेदीच्या टेबलावर आणून ठेवली, इतकेच.

त्या धाकातून जे निघाले ते मला या काळातले सर्वांत रसाळ प्रकरण वाटते. प्लिमथने साध्यासुध्या व्हॅलियंटच्या सांगाड्यावर ३४० घनइंचांचे लहान, हलके व्ही-८ चढवून डस्टर ३४० काढली. एएमसीने १९७१ मध्ये हॉर्नेट या घरगुती गाडीत ३६० घनइंचांचे इंजिन घालून एससी/३६० आणली. मूळ किंमत २,६६३ डॉलर, आणि विम्याच्या कचाट्यातून सुटणारी म्हणूनच तिची जाहिरात. ती एकच वर्ष टिकली आणि ७८४ च बनल्या. पण कल्पना नामी होती. मोठ्या इंजिनांच्या गाड्यांचे खरोखरच नाकापेक्षा मोती जड झाले होते. पुढच्या चाकांवर इतका भार, की गाडी सरळ रस्त्यावर वाघ आणि वळणावर बैल. हलक्या इंजिनाची डस्टर वळणही घेत असे.

जॅव्हलिनची गोष्टही अशीच. ट्रान्स-अॅम शर्यतीत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती. कॅमेरो आणि मस्टँग या वजनदार नावांच्या पंक्तीत विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या छोट्या कंपनीच्या जॅव्हलिनने १९७१ मध्ये मार्क डॉनह्यूच्या आणि १९७२ मध्ये जॉर्ज फॉलमरच्या हातून अजिंक्यपद मिळवले. अलाबामाच्या पोलिसांनी महामार्गावरच्या पाठलागासाठी हीच गाडी निवडली. मर्यादा आली की कौशल्य मरते, असा एक समज आहे. जॅव्हलिन त्याच्या उलट साक्ष देते. आपल्या साहित्यशास्त्रात 'औचित्य' नावाचे एक तत्त्व सांगितले आहे: जिथे जेवढे शोभेल तिथे तेवढेच. यंत्रालाही ते लागू पडते.

४. एक पंप आणि एक लबाडी

आता जरा बॉनेट उघडून आत पाहू. त्या काळातल्या बऱ्याच शेव्हरले इंजिनांच्या पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा, नारळाएवढा एक पंप असतो. तो बाहेरची हवा ओढून एक्झॉस्टच्या तोंडाशी सोडतो. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथे उरलेसुरले जळून जाते. मालकांना हा पंप म्हणजे ताकद खाणारी जळू वाटे. गाडी घरी आली की पाना घ्यायचा, पंप उतरवायचा, नळ्यांच्या भोकांत बोल्ट ठोकायचे आणि पंप भंगारात टाकायचा, हा तेव्हाचा परिपाठ होता.

पन्नास वर्षांनी काळाने सूड उगवला. अस्सलपणाची परीक्षा घेणारे जाणकार आता बॉनेटखाली तोच पंप शोधतात, त्यावर ओतकामाची तारीख तपासतात. बहुतेक पंप भंगारात गेल्यामुळे उरलेल्यांचा भाव वधारला आहे. एका मेळाव्यात असा एक पंप मी अगदी जवळून पाहिला. रंग अचूक, पट्टा नवाकोरा. मालकाने हसत सांगितले, 'आतली पाती काढून टाकली आहेत. नुसता फिरतो.' हवा स्वच्छ करणारे यंत्र इतिहास म्हणून पाहिजे, काम करायला नको.

या लबाडीला घराण्याची परंपरा आहे. नाके मुरडणाऱ्यांना गप्प करायला कैवारी नेहमी १९७३ च्या पॉन्टियॅक ट्रान्स अॅमचे सुपर ड्यूटी ४५५ इंजिन पुढे करतात. कॉम्प्रेशन ८.४ ला १, नेट २९० अश्वशक्ती, आणि तेव्हाच्या चाचण्यांत पाव मैल चौदा सेकंदांच्या आत. १९७३ मध्ये अशा ट्रान्स अॅम फक्त २५२ निघाल्या. इंजिन थोरच होते. पण सुरुवातीला त्याचा आकडा ३१० होता. धूर कमी करण्यासाठी तो पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा थोड्याच वेळात आपोआप बंद पडेल अशी युक्ती त्यात होती. पर्यावरण खात्याच्या ती लक्षात आली, तशी काढावी लागली. नियमातही ताकद टिकते याचा जो सर्वांत मोठा पुरावा दिला जातो, त्यातही पाणी मुरत होते. मला ही गाडी त्यामुळेच अधिक खरी वाटते. एक युग हिशेब द्यायला शिकत होते, आणि शिकताना कॉपीही करत होते.

५. गाळलेले हात

या गाड्यांच्या आठवणीत चालवणारा असतो, बनवणारा नसतो. डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकच्या 'डॉज मेन' कारखान्यात १९७० च्या चॅलेंजर आणि बाराकुडा बनत. त्याच कारखान्यात मे १९६८ मध्ये, वाढवलेल्या वेगाविरुद्ध झालेल्या उत्स्फूर्त संपातून, कृष्णवर्णीय कामगारांची 'ड्रम' ही लढाऊ संघटना उभी राहिली. तो वेग रस्त्यावरचा नव्हता, असेंब्ली लाइनचा होता.

ओहायोतल्या नॉरवूडला कॅमेरो आणि फायरबर्ड बनत. १९७२ मध्ये तिथला संप १७४ दिवस चालला. लाइनवर हजाराहून अधिक गाड्या अर्धवट अडकल्या. संप मिटेपर्यंत १९७३ चा बंपरचा नवा नियम दारात उभा राहिला. त्या गाड्या त्यात बसेनात, म्हणून भंगारात गेल्या. 'नियमांनी मारलेल्या गाड्या' शब्दशः कुठे असतील तर त्या याच. आणि त्यांच्या मृत्यूचे पहिले कारण कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातला न मिटलेला हिशेब हे होते. १९७२ च्या कॅमेरो कमी का, याचे उत्तर शौकिनांना पाठ असते. १७४ दिवस बिनपगारी बसलेल्या घरांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: त्या गाड्या खरोखरच वाईट होत्या. हे मला मान्य आहे. पातळ मिश्रण आणि मागे सारलेले टायमिंग यांमुळे इंजिने थंडीत कुरकुरत, मध्येच आचके देत, पेट्रोलही जास्त पीत. १९७४ च्या गाड्या सीटबेल्ट बांधल्याशिवाय सुरूच होत नसत; लोक इतके वैतागले की त्याच वर्षी संसदेने ती सक्ती उठवली. पण दोष नियमाचा की कारागिरीचा? होंडाने आपले कमी धुराचे सीव्हीसीसी तंत्र स्वतःच्या छोट्या गाडीपुरते ठेवले नाही. १९७३ ची शेव्हरले इम्पाला विकत घेतली, तिच्या ३५० घनइंची व्ही-८ वर ते तंत्र बसवले, आणि त्या गाडीने १९७५ च्या मानकांची सरकारी चाचणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पार केली. डेट्रॉइटच्या इंजिनात ते शक्य होते. डेट्रॉइटच्या मनात नव्हते.

दुसरा आक्षेप: नियमांनी आनंद मारला. २०२३ ची डॉज चॅलेंजर डीमन १७० खास इंधनावर १,०२५ अश्वशक्ती देते, आणि ती सत्तरच्या दशकापेक्षा कितीतरी कडक नियमांत बसते. ताकद मेली असती तर ही कुठून आली? जी गेली ती स्वस्त ताकद, जिचे बिल दुसऱ्याच्या फुप्फुसांना जात होते. चढ्या कॉम्प्रेशनला लागणारे ऑक्टेन पेट्रोलमधल्या शिशातून येत होते, आणि ते शिसे धुरावाटे रस्त्याकाठच्या मुलांच्या रक्तात उतरत होते. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ मध्ये पूर्ण बंद झाले, आपल्याकडे २००० मध्ये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मसल कार हा कामगाराच्या पोराचा वेग होता. श्रीमंताला फेरारी होतीच. हप्ते आणि नियम यांचा फटका गरिबाला बसला. यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. १,०२५ अश्वशक्तीची ती गाडी कुठल्याच कामगाराच्या पोराला परवडत नाही. पण गरीब म्हणजे फक्त स्टिअरिंगमागे बसलेला पोरगा नाही. डेट्रॉइटमधली हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती पाडून तिथून क्रायस्लर फ्रीवे काढला गेला. त्या फ्रीवेच्या काठी राहणारा, गाडी नसलेला माणूसही गरीबच होता, आणि धूर त्याच्याच खिडकीत जात होता. एका गरिबाचा आनंद दुसऱ्या गरिबाच्या श्वासातून वळता करणे याला समता म्हणत नाहीत. या पेचाला त्या काळाने दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर डस्टर ३४० हेच होते: थोडे कमी, थोडे हलके, तरी परवडणारे.

७. जीर्णोद्धार की आठवण

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये घराच्या ओढीने खंगणाऱ्या माणसांच्या दुखण्यासाठी घडवला. तो मुळात रोगाचे नाव होता. स्वेतलाना बॉयम या विदुषीने २००१ मधल्या आपल्या पुस्तकात त्याचे दोन प्रकार सांगितले: गेलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा आणि गेलेल्याकडे पाहत विचार करणारा. मोटारींच्या जगात पहिला प्रकार रोजच्या व्यवहाराचा आहे. तिथे गाडी 'रिस्टोअर' करतात. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, जीर्णोद्धार. आणि जीर्णोद्धारात काय होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? जुन्या काळ्या पाषाणावर ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा लावतात, आणि कोनशिलेवर देणगीदाराचे नाव देवापेक्षा ठळक कोरतात. देऊळ उभे राहते. त्याचे वय जाते.

१९७० ची नामांकित गाडी आता अशा देवळासारखी झाली आहे. तिच्यावर दुसऱ्या कुठल्याच काळाची खूण उरू दिलेली नाही. जॅव्हलिन, डस्टर, ग्रॅन टोरिनो यांचे तसे करणे अजून परवडत नाही, हे त्यांचे भाग्य. १९७३ पासूनच्या गाड्यांचा तो बोजड बंपर, १९७२ च्या माहितीपत्रकातला तो खाली आलेला आकडा, बॉनेटखालची ती नळ्यांची गुंतागुंत हे सगळे या गाड्यांचे व्यंग समजले जाते. मला ते त्यांचे अक्षर वाटते. एका धनाढ्य देशाने आपण उडवलेल्या पैशांचे बिल पहिल्यांदा वाचून पाहिले, त्या वेळचे ते अक्षर आहे: थरथरते, खाडाखोड केलेले, कुठे कुठे खोटेही.

म्हणून या गाड्यांच्या कैवाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे: 'हीसुद्धा वेगवान होती' हे सिद्ध करायची धडपड सोडा. तो दावा जिंकलात तरी गज नाके मुरडणाऱ्यांचाच राहील. गाडी जपायची तर तिच्या उणेपणासकट जपा. बंपर बदलू नका, आकडा फुगवू नका. आणि बॉनेटखालचा तो पंप मिळवलात, रंगवलात, पट्टा चढवलात, तर आतली पातीही बसवा. थोडे घोडे जातील. त्यांचा हिशेब तेव्हाच द्यायचा राहिला होता.